ठेका काढला तर काय उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चौतीस, रोज ठाण्याहून लोकलने ऑफिस. कॉलेजात रॉक ऐकलं, मग इंडी डान्सकडे वळलात. ठेका हवाच असतो, पण 'हात वर करा' छापाचं पार्टीतलं संगीत आता कानाला टोचतं. गेल्या पाच-सहा वर्षांतले असे अल्बम हवेत जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकता येतील आणि ज्यांच्यात काही खोली असेल. आणि शेवटी जोडलेली तक्रार: बायको म्हणते, खोली हवी तर किशोरीताई ऐक, या धमधमीत कुठे शोधत बसतोस?

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. किशोरीताईंचा विलंबित ख्याल ऐकताना आपण शब्दांसाठी थोडेच बसलेलो असतो? बंदिशीच्या दोन ओळी, त्याही अर्ध्या कळलेल्या. आपण बसतो ते बढतीसाठी. तोच राग, तेच आवर्तन, तीच सम, आणि दर वेळी काहीतरी तसूभर सरकलेलं. डान्स म्युझिक त्याच पंक्तीला बसतं असं म्हणण्याइतकी मी आगाऊ नाही, पण कानाला लावायची सवय तीच. किक, म्हणजे ड्रमचा तो खालचा धम्म ठोका, पाच मिनिटं हलत नाही, तिच्या भोवतीचं सगळं हलत असतं. हे हलणं ज्याला ऐकू येत नाही त्याला धमधम ऐकू येते, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण लग्नाच्या हॉलमध्ये वाजतं त्यात खरंच दुसरं काही नसतं. हे मी अधिकाराने सांगते. बावीस वर्षं डीजे म्हणून वाजवतेय, पुण्यातले क्लब झाले, गोव्यातले शॅक झाले, मधली चार वर्षं पोटासाठी लग्नांचे संगीत समारंभही केले. आता जास्त वेळ दुसऱ्यांचे ट्रॅक मिक्स करून देण्यात जातो.

अल्बमांची नावं देण्याआधी एक कसोटी सांगते, म्हणजे माझी यादी संपल्यावर पुढचं तुमचं तुम्हाला शोधता येईल. 'सखोल डान्स अल्बम' म्हणून लोक जे सुचवतात त्यातलं निम्मं म्हणजे उदास गाण्याखाली सरकवलेला ठेका. रडवेले शब्द, आवाजावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, खाली तीच किक. अशा वेळी मी मनातल्या मनात ठेका काढून टाकते. गाणं जसंच्या तसं उभं राहिलं, कुणी गिटारवर म्हटलं तरी तेवढंच लागलं, तर गाणं चांगलं असेलही, पण ठेका तिथे भाड्याने आणलाय. ठेका काढल्यावर अर्थच पलटला, तर ते आपल्या कामाचं.

जुनं उदाहरण घ्या. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा गायक इयन कर्टिस याने १८ मे १९८० ला आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी, एक नवी सोबतीण घेऊन, न्यू ऑर्डर नावाने पुन्हा सुरुवात केली, १९८२ मध्ये त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने आणि त्यांनी मिळून मँचेस्टरमध्ये हासिएंडा हा क्लब उघडला आणि १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' आलं. साडेसात मिनिटं, ड्रम मशीनच्या कोरड्या किकने सुरू होणारं. त्यातला ठेका काढा, एक थंडसं, जरा सपाट गाणं हातात राहील. ठेका परत ठेवा, आणि एका न थांबणाऱ्या यंत्रासमोर उभा राहून, आपल्याला नेमकं काय वाटतंय हे सांगू न शकणारा माणूस दिसायला लागतो. तुम्ही ज्याला इंडी डान्स म्हणता त्याचं मूळ तिथे आहे: बँडवाली पोरं क्लबात गेली आणि त्यांनी आपली दुखणी बरोबर नेली.

एक सावधगिरी. डीजे लोक जिथून ट्रॅक विकत घेतात त्या बीटपोर्टवर 'इंडी डान्स' नावाचा वेगळा कप्पा आहे. तिथे शोधायला जाल तर सेटमध्ये जोडायला सोपे, सहा-सात मिनिटांचे सुटे ट्रॅक मिळतील. कामाचा माल आहे, मीही घेते. तुम्हाला हवं ते तिथे नाही.

आता नावं. पहिलं रोमीचं 'मिड एअर', २०२३. रोमी म्हणजे द एक्सएक्स या लंडनच्या बँडमधली गायिका. त्या बँडमध्ये ती इतकं हळू गायची की शेजारी कुणी झोपलंय असं वाटावं. एकटीचा पहिला अल्बम करायची वेळ आली तेव्हा ती थेट तरुणपणातल्या क्लबांच्या आठवणींकडे गेली, जिथे समलिंगी मुलगी म्हणून तिला पहिल्यांदा मोकळं वाटलं होतं. तिथलं संगीत म्हणजे ट्रान्स, युरो-डान्स, म्हणजे जाणकार नाक मुरडतात तेच. तिने ते लपवलं नाही, सुसंस्कृत केलं नाही. मोठाले, भडक सिंथ (सिंथेसायझर) तसेच ठेवले.

त्यातलं 'स्ट्राँग' ऐका. रोमी अकरा वर्षांची असताना तिची आई गेली, पुढे वडीलही गेले. तिच्या एका चुलत-मावस भावंडाचीही आई गेलेली. गाणं त्या भावाला उद्देशून आहे: तू सारखा घट्ट उभा असतोस, मला ठाऊक आहे, माझ्यापुढे सोडून दे. शब्द एवढेच. कागदावर हे सांत्वनाचं कार्ड वाटतं, आणि ठेका काढला तर तेवढंच उरतं. पण ठेक्यासकट काय होतं बघा. मधल्या भागात किक निघून जाते, सिंथ चढत जातो, आणि आपल्याला, म्हणजे क्लबात आयुष्य घालवलेल्या कुणालाही, पुढे काय येणार हे अंगातून कळत असतं. शरीर सावरून उभं राहतं. नेमक्या त्याच क्षणी ती सांगतेय की सावरून उभा राहू नकोस. मग किक परत येते आणि आपण सोडून देतो. गाण्याने जे सांगितलं ते आपल्या पोटऱ्यांनी केलं. हे बॅलडला जमणार नाही.

त्याच अल्बममधल्या 'एन्जॉय युअर लाइफ'मध्ये गायक बेव्हर्ली ग्लेन-कोपलंडच्या आवाजाचा तुकडा आहे. आई मला सांगते, आयुष्य मजेत जग, एवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. कुठल्याही पार्टीत वाजेल असं वाक्य. पण आई नसलेली बाई ते लूपवर लावते तेव्हा त्याचं वजन बदलतं. सगळा अल्बम जेमतेम चौतीस-पस्तीस मिनिटांचा. ठाण्याहून निघालात तर दादरच्या आसपास संपेल.

दुसरा कॅरिबूचा 'सडनली', फेब्रुवारी २०२०. कॅरिबू म्हणजे कॅनडाचा डॅन स्नेथ. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून गणितात डॉक्टरेट केलेला माणूस, आणि गाण्यात मात्र अजिबात हिशेबी नाही. पहिलाच ट्रॅक 'सिस्टर' ऐकाल तेव्हा तुम्हाला वाटेल मी चुकीचा अल्बम सुचवला, कारण ठेका जवळजवळ नाहीच. दोन मिनिटांचं, हळू, सिंथ जरा डगमगता, सूर किंचित खालीवर होणारा, जुन्या कॅसेटची पट्टी ताणली गेल्यावर व्हायचा तसा. आणि मग पाठीमागून एक बाई गाताना ऐकू येते. ती त्याची आई आहे, तो लहान असतानाच्या घरच्या रेकॉर्डिंगमधली. आमच्या घरी अशी एक कॅसेट आहे. माझ्या आजीने माझ्या धाकट्या भावाला झोपवताना म्हटलेलं काहीतरी, मागे प्रेशर कुकरची शिट्टी. 'सिस्टर' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला आणि ती कॅसेट शोधायला माळ्यावर चढले. सापडली, पण वाजवायला टेपरेकॉर्डर घरात उरला नव्हता.

या अल्बमची गंमत तो 'अचानक' या शब्दाला किती शब्दशः घेतो त्यात आहे. 'यू अँड आय' घ्या. घरातल्या एका मृत्यूवरचं गाणं. ऐंशीच्या दशकातल्या पॉपसारखं छान, उबदार चाललेलं असतं, आणि मध्येच जमीन सरकल्यासारखा वेगळाच ठेका, कापून तुकडे केलेला आवाज. कुठलीही सूचना नाही. मग पुन्हा पहिलं गाणं, जणू काही झालंच नाही. शेवटाकडे एक गिटार सोलो येतो, जरा वेडावाकडा, कडेने फाटलेला. अंत्यविधी उरकून घरी आलेला माणूस चहा गाळतो, पाहुण्यांना साखर विचारतो, आणि मध्येच त्याचा हात थांबतो, तसं. 'नेव्हर कम बॅक' हा मात्र सरळ नाचायचा ट्रॅक. मोजक्याच ओळी, पुन्हा पुन्हा. मी तो भर गर्दीत वाजवलाय, लोक आनंदाने उड्या मारत होते, आणि शब्द होते कधीच परत न येण्याबद्दलचे.

जाता जाता: याच स्नेथचा २०२४ चा 'हनी' मी तुम्हाला सुचवत नाहीये. त्यात त्याने स्वतःचाच आवाज एआयने बदलून वेगवेगळ्या गायकांसारखा केला, त्यावर बराच वाद झाला. मला नैतिकतेपेक्षा वेगळी अडचण आहे. 'सडनली'त प्रत्येक गाणं तो स्वतःच्या पातळ, जरा लाजऱ्या आवाजात गातो, आणि तो आवाजच त्या अल्बमचा कणा आहे. तोच काढून टाकल्यावर राहिली कारागिरी. नाचायला उत्तम आहे, तेवढं खरं.

गोव्यात एका शॅकवर सूर्यास्ताच्या सेटला मी 'यू अँड आय' लावलं होतं. पाच मिनिटांनी मॅनेजर जवळ आला, अगदी अदबीने म्हणाला, "ताई, गाणं भारी आहे, पण लोक समुद्राकडे बघत बसलेत, बिअर खपेना." तेव्हापासून खोलीचं हे माझं दुसरं मोजमाप.

तिसरा अल्बम जरा वेगळ्या वाटेने तुमच्या घरापर्यंत येतो. बायसेप म्हणजे बेलफास्टचे दोघे मित्र, मॅट मॅकब्रायर आणि अँडी फर्ग्युसन, बरीच वर्षं लंडनमध्ये राहिलेले. त्यांचा 'आयल्स' जानेवारी २०२१ मध्ये आला, सगळे क्लब बंद असताना. लंडनमध्ये राहताना कानावर पडणारे परके आवाज, कुठल्याशा गच्चीवरून येणारं हिंदी गाणं, गाडीतून ओझरता ऐकू आलेला बल्गेरियन गायकवृंद, असं सगळं त्यात मुरलेलं आहे. ते स्वतः याला घरी ऐकायची आवृत्ती म्हणाले होते, म्हणजे मैफिलीत हेच ट्रॅक जास्त दणकट होणार आणि अल्बमवर जरा मवाळ राहणार.

त्यातला 'सनडायल' मी एकदा दुपारी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर लावला होता. आई टेबलाशी मटार सोलत होती. माझ्या कामाच्या संगीताला ती 'तुझं यंत्र' म्हणते आणि सहसा दुर्लक्ष करते. दोन मिनिटं गेली असतील, तिचा हात थांबला. म्हणाली, "अगं, ही आशा." मी म्हटलं काय? "आशा गं. आवाजाचं भरीत केलंय, पण आशाच आहे." आणि तिने 'जब अंधेरा होता है' गुणगुणून दाखवलं, १९७३ च्या 'राजा रानी'मधलं. तिचं बरोबर होतं. सिंथ तर बिघडलेला आहे, म्हणजे खरोखरच बिघडलेला: जुन्या ज्युपिटर-६ चा ट्रिगर नीट चालत नव्हता आणि तो मधले सूर वाटेल तसे गाळत होता. ते गाळणंच त्यांना आवडलं आणि त्यावर त्यांनी पुढचं रचलं. त्या अडखळणाऱ्या सुरांवर आशाबाईंचा विरघळलेला आवाज. शब्द कळत नाहीत, पण कुणीतरी कुणाला तरी दुरून हाक मारतंय एवढं कळतं. मूळ गाणं म्हणजे रात्रीच्या चोरांचा खट्याळ क्लब-डान्स. खट्याळपणा सगळा गळून गेलाय, हाक उरली आहे. परक्या शहरात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच परक्या माणसाचं गाणं असंच ऐकू येत असणार.

ठेक्याची कसोटी इथे जरा उलटी लागते. 'आयल्स'मधला ठेका काढला तर सुंदर पार्श्वसंगीत होईल, हॉटेलच्या लॉबीत लावावं तसं. ठेका त्या आवाजांना एका जागी थांबू देत नाही, शहरातून पुढे ढकलत राहतो. म्हणून हा घरी ऐकण्यापेक्षा चालताना ऐका. त्यांनी काहीही म्हणू दे.

चौथा 'विथ अ हॅमर', येजीचा, २०२३. येजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, काही वर्षं दक्षिण कोरियात वाढलेली. कोरियन आणि इंग्रजी एकाच ओळीत मिसळून गाते, बहुतेक वेळा कुजबुजत. नाव आहे हातोड्यावर आणि विषय आहे राग, पण अल्बम उघडतो बासरीने. हा राग आरडाओरड्याचा नाही. लहानपणापासून 'गप्प बस, चांगली मुलगी हो' ऐकत गिळलेला राग आहे, तो कुजबुजतच बाहेर येणार. 'फॉर ग्रँटेड'मध्ये ती सुरुवातीला अगदी शांतपणे स्वतःशी बोलत असते, आपल्या वाट्याला आलेलं सगळं आपण गृहीत धरतोय का वगैरे, आणि शेवटी ठेका एकदम दुप्पट वेगाने फुटतो. पहिल्यांदा मी दचकले होते. 'डन'मध्ये ती घराण्यात पिढ्यानपिढ्या उतरत आलेल्या दुखापतीबद्दल बोलते, हे आता माझ्यापाशी संपायला हवं असं. आता गंमत बघा: सगळं डान्स म्युझिक लूपवर उभं आहे, तेच ते पुन्हा. आणि हिचं गाणं त्या 'तेच ते पुन्हा'तून बाहेर पडण्याबद्दल. लूपमध्येच उभं राहून लूप मोडायची भाषा. कोरियन येत नसेल तरी पहिल्या वेळी अर्थ शोधत बसू नका. दुसऱ्या वेळी शोधा.

केली ली ओवेन्सचा 'इनर साँग', ऑगस्ट २०२०. ही वेल्सची, संगीतात येण्याआधी मँचेस्टरच्या कॅन्सर रुग्णालयात काम करायची. 'मेल्ट' या ट्रॅकमध्ये हिमनदीचं वितळणारं बर्फ आणि बर्फावर स्केटिंग करणाऱ्या माणसांचे आवाज ठेक्यात विणलेत. हवामानबदलावर भाषण नाही, एक शब्दही नाही. आपण ज्यावर नाचतोय तेच वितळतंय, एवढंच. 'जीनेट' तिच्या गेलेल्या आजीच्या नावाचा, तोही शब्दांशिवाय, सूर जिना चढल्यासारखे वर वर जाणारे. आणि 'कॉर्नर ऑफ माय स्काय'मध्ये वेल्व्हेट अंडरग्राउंड या जुन्या रॉक बँडचे जॉन केल, तेव्हाच सत्तरी ओलांडलेले, इंग्रजीतून आणि त्यांच्या मातृभाषेतून, वेल्शमधून, पावसाचे आभार मानतात. हा ट्रॅक जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवा. मी दरवर्षी ठेवते.

थोडक्यात आणखी एक. मार्कस ब्राउन, बाल्टिमोरचा, 'नरिश्ड बाय टाइम' या नावाने गातो. त्याचा 'इरॉटिक प्रोबायोटिक २' (२०२३) आईवडिलांच्या घराच्या तळघरात तयार झाला. मराठीत खोली म्हणजे डेप्थही आणि रूमही, आणि इंडी डान्स बहुधा दोन्ही अर्थांनी खोलीतून येतं. नव्वदच्या दशकातल्या आर अँड बीचा आवाज, स्वस्तातला वाटणारा ड्रम, आणि विषय नोकरी, पगार, थकवा. रोज लोकलने जाणाऱ्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

याच काळातल्या गाजलेल्या दोघांबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते. जेमी एक्सएक्सचा 'इन वेव्हज' (२०२४) मला आवडतो, पण तो पुन्हा पार्टीच आहे, फार बुद्धिमान माणसाने दिलेली. त्याचा २०१५ चा 'इन कलर' जास्त एकटा आहे, तो घ्या. फ्रेड अगेनच्या 'अॅक्च्युअल लाइफ' मालिकेत मित्रांच्या व्हॉइस नोट्स, फोनमधली क्लिप्स ठेक्यावर बसवलेल्या असतात. कल्पना सुंदर. पण तीन-चार ट्रॅकनंतर मला कळायला लागतं की आता आवाज भरून येणार, आता पियानो येणार, आता ठेका. माझ्या कसोटीला ते उतरत नाही, कारण तिथे भावना आधीच शिजवून वाढलेली असते आणि ठेका फक्त वाफ काढतो. माझ्याहून वीस वर्षांनी लहान डीजे यावर माझ्याशी भांडतात. भांडू देत.

आता आपल्याकडचं. 'जागो' (२०१९) हा लिफाफाचा अल्बम. लिफाफा म्हणजे दिल्लीचा सूर्यकांत साहनी, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा गायक, एकट्याने हिंदीत गातो तेव्हा घेतलेलं नाव. जुन्या रेडिओसारखा, जरासा पेंगुळलेला आवाज, आणि खाली मुद्दाम कमी ठेवलेलं इलेक्ट्रॉनिक. पहिल्यांदा ऐकताना वाटतं हा माणूस झोपेत गातोय, आणि अल्बमचं नाव 'जागो'. देशात काय चाललंय त्याबद्दलची चिडचिड त्यात आहे, पण घोषणा एकही नाही. मी तो रात्री अकरानंतरच ऐकते. मुंबईच्या सनाया अर्देशीरचा, म्हणजे सँड्यून्सचा, 'द ग्राउंड बिनीथ हर फीट' (२०२२) दुसरा. पियानो शिकलेल्या हाताने केलेलं इलेक्ट्रॉनिक आहे, ठेका कधी आहे कधी नाही. डान्सच्या व्याख्येत ताणून बसवावा लागतो, पण तुमच्या कानाला आवडेल.

आणि नवीनच हवं म्हणालात तरी एक जुनं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या फिल्मी वाद्यवृंदातल्या वादकाने एकट्याने बसून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. हाताशी रोलंडची तीन यंत्रं: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हा बेस सिंथ आणि ज्युपिटर-८ हा मोठा सिंथ. भैरव, ललित, तोडी, मालकंस, सगळे. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोत त्याच ३०३ च्या आवाजातून अॅसिड हाउस हा डान्स म्युझिकचा प्रकार निघाला, आणि २०१० मध्ये हा अल्बम पुन्हा छापला गेला तेव्हा जगभर डोळे विस्फारले. लगेच 'अॅसिड हाउसचा शोध मुंबईने लावला' असं म्हणणारेही निघाले. तसं काही नाही, शिकागोतल्या पोरांनी हे ऐकलेलंच नव्हतं. पण ३०३ चे सूर मींडेसारखे एकातून एकात घसरतात, हे राग डोक्यात असलेल्या माणसाला सगळ्यात आधी सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

ऐकायचं कसं, ते थोडक्यात पण लक्ष देऊन वाचा, कारण नाहीतर वरचं सगळं वाया. किकचा जो भाग पोटात जाणवतो तो पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनच्या स्पीकरमधून तो बाहेरच येत नाही, तिथे तुम्हाला फक्त किकची टकटक मिळते, म्हणजे ढोलाची काठी ऐकू येते, ढोल नाही. लोकलमध्ये उलटी अडचण: गाडीची घरघर नेमकी खालच्या पट्टीतली, ती बेस गिळून टाकते, मग आपण आवाज वाढवतो आणि कान दुखतात. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन असतील तर ती घरघर बरीच कापली जाते. नसतील तर प्रत्येक अल्बम पहिल्यांदा घरी ऐका, लोकलमध्ये दुसऱ्यांदा. ओळखीचा झालेला बेस कान आपणहून भरून घेतो. ॲपमधलं शफल बंद करा. क्रॉसफेडही, म्हणजे एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळून टाकणं, बंद करा, 'सडनली'मध्ये ट्रॅक जिथे तुटतात तिथेच तुटायला हवेत. शक्य असेल तर बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट अल्बम घेता येतात त्या साइटवर, विकत घ्या, स्ट्रीमिंगच्या पैशावर यातलं फारसं कुणी जगत नाही.

क्रम विचाराल तर आधी 'मिड एअर', मग 'सडनली', मग 'आयल्स'. येजी या तिघांनंतर. आधी ऐकलात तर अर्ध्यावर सोडाल.

आणि वहिनींसाठी यातलं काहीच लावू नका. त्यांना फोर टेटचा २०१५ चा 'मॉर्निंग/इव्हनिंग' ऐकवा. करणारा किअरन हेब्डेन लंडनचा, आईकडून भारतीय वंशाचा. दोनच ट्रॅक, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांचे, बढत म्हणतात ती त्यांना तिथे सापडेल. सकाळची बाजू लावा, रविवारी, चहाच्या वेळी. 'सौतन'मधल्या एका गाण्याचा तुकडा त्यात आहे. कोण गातंय ते आधी सांगू नका, आवाज त्या स्वतःच ओळखतील. मग काय म्हणाल्या ते मला कळवा.